अर्धा चमचा सोडा

शिक्रापूरच्या घरात प्रतिभानं काचेच्या टाकीत खारं पाणी भरून जिवंत पोवळी वाढवली होती. आज ती आक्रसली होती. तिनं पाणी तपासलं, तर त्याची क्षारता फार घटली होती. ती डगमगली नाही. अर्धा चमचा खायचा सोडा विरघळवून तिनं टाकीत ओतला. जन्मभर मेंढरं राखलेले तिचे सासरे स्वयंपाकघरातून अख्खा पुडाच घेऊन आले. “एवढ्यानं काय व्हतंय? समदा ओत!” “आप्पा, उपाशी मेंढरं लसूणघासाच्या हिरव्या रानात मोकळी सोडता का तुम्ही?” “खुळी का काय! फुगून मरत्याल...” आप्पांनी हातातल्या पुड्याकडं पाहिलं. पुडा त्यांनी कोपरीच्या खिशात घातला. प्रतिभा रोज थोडाथोडा सोडा देत राहिली. पोवळी पुन्हा फुलू लागली, तेव्हा ती बघायला आलेला शेजारी म्हणाला, “आणखी सोडा टाका की.” आप्पांनी काठी आडवी धरली. “मागं सर. कळप माझा हाय.”