गणेशच्या बॅगेतली पाकिटं

'पृथ्वी वाचवायची असेल तर आपल्या ताटापासून सुरुवात करा,' असं त्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. शालिग्रामला ते पटलंही असतं, पण पाकीट उघडेना. 'येथे फाडा' लिहिलं होतं तिथं तो आधी नखानं, मग दातानं आणि शेवटी विळा घेऊन भिडला, तेव्हा कुठं पृथ्वीची सोय झाली.

आत सोयाबीनचे चौकोनी तुकडे होते.

"हे तं आपलंच सोयाबीन," तो म्हणाला. "आपण पोत्यानं देतो, आन् हे लोक त्याचे चौकोन पाडून आपल्याच पोराले खाऊ घालते."

मेडशीतल्या त्या घराच्या ओसरीवर अशी अकरा पाकिटं मांडली होती. सगळी गणेशच्या बॅगेतली. बॅग पुण्याहून त्याच्या खोलीतल्या पारसनं आणून दिली होती आणि पाण्यालाही न थांबता तो रिसोडला आपल्या घरी निघून गेला होता.

गणेश व्हीगन झाला होता. मांस-अंडी या घरात नव्हतीच. यानं दूध, दही, तूप, मधही सोडलं. दिवाळीला त्यानं आईच्या हातची खीर बाजूला सरकवली, तेव्हा शालिग्राम पाहुण्यांसमोर बोलून गेला, "म्हशीच्या दुधावर एवढा वाढला, आन् आता तुले म्हशीची कीव येऊन राह्यली?"

गणेश भरल्या ताटावरून उठला. त्यानंतर तो या घरात जेवला नव्हता.

म्हणून उद्या तो जेवला पाहिजे, एवढंच शालिग्रामच्या डोक्यात होतं. बैलबाजारात दात पाहावेत तशी तो पाकिटं तपासत होता.

धाकटी निकिता मागची बारीक अक्षरं वाचून सांगत होती. "याच्यात प्रोटीन लय हाये, बाबा. पण गरम पाण्यात पाच मिनटं झाकून ठेवा लागते."

"तिथं कुठं गरम पाणी? नापास."

दुसऱ्यात ओट्सचं दूध निघालं. शालिग्रामनं एक घोट घेतला, बराच वेळ विचार केला. "तांदूळ धुतल्यावर तुही माय हे फेकून देते."

निकिताला हसू आलं. तिनं लगेच तोंडावर हात ठेवला.

दाराशी बसलेल्या कस्तुराबाईनं विचारलं, "यानं ताकद येते का वं, निकिता?"

"येते, आई. सगळं असते त्यात. लोह बी."

"मंग..." कस्तुराबाई म्हणाली, आणि तेवढ्यावरच थांबली.

घरात कढई चढली नव्हती. शेजारच्या वैजयंतीनं भाकरी-वरण आणून दिलं. पाकिटांच्या परीक्षकांनी पोट भरल्याचं सांगितलं.

शेवटी सोयाबीन-गुळाची एक वडी पसंत पडली. शालिग्रामनं ती मोडून पाहिली. "हे जमते. चूल नाही, पाणी नाही. हातानं बारीक तुकडे होते."

"अजून आठ महिने टिकते. तारीख टाकेल हाये," निकिता म्हणाली.

शालिग्रामनं त्या तारखेवरून अंगठा फिरवला.

"खाईन ना वो तो?" जरा वेळानं कस्तुराबाईनं विचारलं.

"माह्यावर राग असंन तं नाही खाणार," शालिग्राम वडी कागदात गुंडाळत म्हणाला. "पण हे तं त्याचंच हाये. याच्यावर कायले रागावते?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले तरी तो आला नाही. गावाबाहेर ओढ्याकाठी भाऊबंद सावली धरून बसले होते. कोणी घड्याळ पाहत होतं, कोणी घड्याळ पाहणाऱ्याकडं.

"आता किती वाट पाह्यची, शालिग्रामभाऊ?" तांड्यावरचा प्रेमसिंग हळूच म्हणाला. "ऊन तापून राह्यलं."

शालिग्राम उठला. पानावर मांडलेला दहीभात त्यानं बाजूला सारला, खिशातली वडी काढली आणि तिचे बारीक तुकडे करून त्या जागी ठेवले. मग सकाळीच भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत त्यानं बाभळीच्या शेंड्यावर बसलेल्या कावळ्याकडं पाहिलं.

"घे बाबू," तो म्हणाला, "यात दूध नाही."