ठमीची बदली

मनोविकार विभागात शिकायला आलेल्या डॉक्टरांची दर चार महिन्यांनी वॉर्डबदली व्हायची. बदल्यांचा तक्ता आखणाऱ्या बाईंना एक कोडं काही सुटेना. खिडकीजवळच्या काकूंच्या फाइलमध्ये पहिल्या डॉक्टरनंतर आलेल्या पाचही जणींनी एकच शेरा मारला होता: 'प्रत्येक डॉक्टरला ठमी म्हणतात. ओळख पटत नाही. स्मरणशक्ती तपासावी.'

न राहवून बाई वॉर्डात गेल्या.

"काकू, ही ठमी कोण हो?"

"पहिली आलेली डॉक्टर. एवढीशी बुटकी, पण गुणाची पोर! तिला मी सगळं सांगितलं होतं."

"आणि बाकीच्या?"

"सगळ्यांची नावं पाठ आहेत मला. पण नवं नाव घेतलं, की माझा लेक कसा गेला ते पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. ठमीला ते आधीच ठाऊक असतं."