डावी नळी

आजोबांच्या दुनळी बंदुकीला कारखान्याने नव्या नळ्या बसवून दिल्या, तेव्हा ह्यूबर्टला हायसं वाटलं. जुनी डावी नळी तितर मारताना फुटली आणि त्याच्या बापाची, अँब्रोजची, तीन बोटं गेली. "पोलादच जुनं झालं होतं," असं बाप श्रॉपशर परगणाभर सांगत फिरायचा. साफसफाईचा बोळा आपणच आत विसरलो होतो, हे ह्यूबर्ट कुणालाच बोलला नव्हता.

त्याने नव्या नळ्या बंदुकीपासून सुट्या करून खिडकीकडे धरून पाहिल्या. उजवीत लख्ख उजेड होता. डावी बंद होती. त्याने सफाईचा गज घातला, तो अलगद आरपार गेला. पुन्हा पाहिलं, तरी अंधारच.

बापाने नळ्या मागून घेतल्या, डोळ्याला लावल्या.

"आरशासारख्या आहेत."

"हो, बाबा." ह्यूबर्टची मान वर होईना.

"मला दोन्ही स्वच्छ दिसतात," अँब्रोज हळूच म्हणाला. "तुला डावी बंद दिसते, होय ना पोरा?"