मोत्याची बिस्किटं

"पंडित, मी निघतो रे. फाटकाला कुलूप लावून जातो, किल्ली तुझ्याकडे आहेच. सोमवारपर्यंत इकडे कुत्रंही फिरकायचं नाही!" असं ओरडून मॅनेजर गेला. त्याची गाडी वळणापर्यंत पोचली असेल नसेल, आणि पंडित आतलं बटण दाबत होता. दार काही उघडत नव्हतं.

पंडित हे त्याचं खरं नाव नव्हे. माशांच्या शीतगृहात प्रोग्राम लिहिणारा तो एकटाच, म्हणून सगळे त्याला पंडित म्हणायचे. तापमान मोजणारी एक तार सैल झाली होती, ती घट्ट करायला तो आत शिरला होता. चुटकीसरशी होणारं काम, म्हणून अंगात साधा स्वेटर. फोन बाहेरच्या टेबलावर, चहाच्या कपाला टेकवून ठेवलेला. दाराच्या काचेतून तो स्पष्ट दिसत होता. दिसून काय उपयोग!

चारी बाजूंना गोठलेल्या माशांच्या पेट्या. श्वास सोडला की वाफ.

"घाबरायचं काही कारण नाही," तो मोठ्यानं म्हणाला. कारण खरंच नव्हतं. दार, पंखे, भोंगा, सगळा कारभार बाहेरच्या एका संगणकाच्या ताब्यात होता. तो संगणकच अडकला होता, हे तर दिसतच होतं. पडद्यावरचं घड्याळ पुढे सरकत नव्हतं. पण त्याच्या पोटात वॉचडॉग नावाची एक चिप होती. कामगार तिला मोत्या म्हणत. प्रोग्रामनं दर थोड्या वेळानं मोत्याला एक इशारा द्यायचा, म्हणजे बिस्किट टाकायचं. बिस्किट आलं नाही की मोत्या समजतो, धन्याचं काही खरं नाही. मग तो संगणक धाडकन बंद करून पुन्हा चालू करतो. आणि चालू होताना सगळी दारं आधी मोकळी होतात.

म्हणजे थोडा दम धरायचा, एवढंच.

त्यानं हात काखेत घातले आणि जागच्या जागी उड्या मारल्या. वरच्या पेटीतला एक मासा डोळे वटारून त्याच्याकडे बघत होता. "काय बघतोस? मी जाणार आहे घरी. तू बस इथेच," पंडितनं त्याला सुनावलं.

बराच वेळ गेला. दार ढिम्म. त्यानं काचेला नाक लावून पाहिलं. संगणकाच्या पेटीवर मोत्याचा हिरवा दिवा मजेत उघडझाप करत होता. बिस्किटं अगदी वेळेवर पोचत होती त्याला.

तेव्हा पंडितला सगळं आठवलं.

मागे उन्हाळ्यात कामाच्या गर्दीत मुख्य प्रोग्रामला बिस्किट टाकायला उशीर व्हायचा. मोत्या चावायचा, दारं मोकळी व्हायची, मासे पाझरायचे आणि मॅनेजर पंडितला फाडून खायचा. "आधी तुझ्या त्या कुत्र्याचं तोंड बंद कर!" मग पंडितनं मागे गुपचूप चालणारा एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. काम एकच, मोत्याला बिस्किटं टाकत राहायची. बाकीचं जग जिवंत आहे की मेलं, हे त्यानं बघायचं नाही. मॅनेजर खूश झाला, पंडितही सुटला. एकदा काम मार्गी लागलं की पुन्हा तिकडे ढुंकून बघायचं नाही, हा त्याचा खाक्याच होता. स्वतःचंच लिहिलेलं तो महिन्याभरात विसरून जायचा.

"गाढवा!" तो स्वतःवरच ओरडला. "आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास!" त्यानं दारावर लाथा घातल्या, गळा फाटेस्तोवर हाका मारल्या. भिंती हातभर जाड. ऐकायला बाहेर होतं तरी कोण? सोमवारपर्यंत आपण त्या माशासारखेच होणार, हे त्याला लख्ख कळलं आणि त्याला रडू फुटलं.

मग त्याला आई आठवली. त्याचा जीव भांड्यात पडला.

आई दुसऱ्या गावी राहायची. "रोज रात्री तुझा निरोप आल्याशिवाय माझा डोळा लागत नाही," ती म्हणायची, आणि नुसतं म्हणायची नाही. गेल्या वर्षी एकदा तो मित्रांत रमला आणि निरोप राहिला. आईनं फोनवर फोन केले, मग मामाला उठवलं. मामा दोन पोलीस घेऊन थेट शीतगृहाच्या दारात हजर! "भाच्याला आत कोंडून घातलंय का तुम्ही?" असा तो मॅनेजरवरच खेकसला होता. पंडितला तोंड लपवायला जागा उरली नव्हती.

त्यानंतर मात्र निरोप एकदाही चुकला नाही. सिनेमात असो, प्रवासात असो, तापानं फणफणलेला असो, निरोप वेळेवर. मामी आपल्या पोराला टोमणे मारायची, "बघ, शिक जरा त्याच्याकडून!" मामानं "कसं रे जमतं तुला?" असं विचारलं, की पंडित नुसता हसायचा.

आई उत्तर पाठवत नसे. निरोप वाचायचा, फोन उशाशी ठेवायचा आणि दिवा मालवायचा, की झालं.

"मामा, या वेळी चार पोलीस आण रे बाबा," पंडित कुडकुडत पुटपुटला. आईच्या काळजीचा त्याला नेहमी राग यायचा. आज तिचे पाय धरावेसे वाटत होते. इथून सुटलो की आधी तिच्याकडे जायचं, चांगलं आठवडाभर राहायचं, त्यानं ठरवूनच टाकलं.

बाहेर अंधारून आलं. त्याची बोटं केव्हाच बधिर झाली होती, पापण्या जड झाल्या होत्या. तरी तो काचेला कपाळ टेकवून उभा राहिला. निरोपाची वेळ झालीच होती. ती टळली की आईचे फोन सुरू होणार, मग मामा, मग पोलीस.

टेबलावरच्या फोनचा पडदा उजळला.

"आई!" पंडितला हसू फुटलं. त्यानं काचेवरचं दव बाहीनं पुसलं आणि वाचलं.

रोजचा निरोप आपोआप पाठवला: आई, घरी पोचलो. जेवलो. काळजी करू नकोस, झोप आता.