दहा चांदण्या

भिंगरीने बाळाला पुन्हा चिमटा काढला होता. चांगला करकचून. आठ महिन्यांच्या त्या इवल्याशा दंडावर दोन नखं उमटली होती.

आई आतल्या खोलीत इमारतीचा नकाशा काढत होती. काम तसंच टाकून ती धावली आणि किंचाळणाऱ्या बाळाला तिने खांद्यावर घेतलं. आत्या दाराशी कपाळाला हात लावून उभी होती.

"गाढ झोपला होता गं," आत्या म्हणाली. "मी दोन मिनिटं कपडे वाळत घालायला गेले, तेवढ्यात हिने डाव साधला."

"पण आई, तो..."

"एक शब्द नाही. खुर्ची!"

भिंगरी मुकाट्याने पॅसेजमधल्या लाकडी खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसली. वय वर्षं सहा, म्हणून सहा मिनिटं. आईने मोबाइलवर वेळ लावली. पोटच्या पोरीचीच भीती वाटावी, याहून वाईट काय असतं? आणि आईला ती वाटत होती.

आधी दुधाच्या बाटल्या झाल्या. भरलेली बाटली भिंगरी पळवायची आणि सरळ बेसिनमध्ये ओतून द्यायची. मग पाळण्यावर चढून बाळाला गदागदा हलवणं सुरू झालं. आता नखं. उद्या काय, उशी? असा विचार मनात आला की आईला स्वतःचीच लाज वाटायची, पण विचार काही पाठ सोडत नव्हता.

समुपदेशक बाईंनी पद्धत सोपी सांगितली होती. वाईट वागली की खुर्ची, आणि तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, रागवायचंही नाही. चांगलं वागली की फ्रिजवरच्या तक्त्यात एक चांदणी. मारलं, सांडलं की चांदणी परत घ्यायची. दहा जमल्या की स्केट्स. "आणि खुर्चीवरून उठली की जवळ घ्या, तिचं म्हणणं नीट ऐकून घ्या," असंही बाई म्हणाल्या होत्या.

ते शेवटचं आईने दोन दिवसांतच सोडून दिलं. कारण जवळ घेतलं की भिंगरीचं एकच टुमणं, "आत्याने ना..." पुढचं ऐकायच्या आधीच आईचं डोकं भडकायचं. नवरा जहाजावर, घरात तान्हं मूल, हातात काम. अशा वेळी ही नणंद स्वतःचं घर बंद करून मदतीला आली होती. तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तिच्यावर ही चिमुरडी आळ घेणार?

आत्याने मात्र मनाला लावून घेतलं नव्हतं. "मुलं अशीच असतात," ती हसून म्हणाली होती. "आपलं दुसऱ्यावर ढकलतात. तू चिडू नकोस. त्याच्याही चांदण्या कापायला लाग, आपोआप बंद होईल."

म्हणून तक्त्याच्या तळाशी आईने लाल पेनाने लिहिलं: आत्याचं नाव घेतलं, तर दहा चांदण्या परत. तेवढ्या नसतील, तर खुर्ची.

आज आत्याने आणखी एक कागद आणून ठेवला. वसतिगृह असलेल्या शाळेचा अर्ज. "तिच्याच भल्यासाठी सांगते. काही झालं तर जन्मभर स्वतःला बोल लावत बसशील."

आईने तो कागद घडी करून नकाशांखाली सरकवला. "एवढा आठवडा बघते," ती म्हणाली. "नाही सुधारली, तर भरते."

खुर्चीवरची मान किंचित वळली आणि पुन्हा भिंतीकडे गेली.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी जणू दुसरीच मुलगी झाली. बाटलीला हात नाही, पाळण्यावर चढणं नाही. रोज एक चांदणी, कधी दोन. बाळही शहाण्यासारखं जेवणवेळेपासून तिन्हीसांजेपर्यंत झोपायला लागलं. आईचे दोन नकाशे पुरे झाले. आत्याच्या हाताला गुण आहे, असं तिने नवऱ्याला फोनवर सांगितलंसुद्धा.

तरी तिची धाकधूक जाईना. भिंगरी पाळण्याशेजारी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची आणि डोळ्याची पापणी न हलवता बाळाकडे बघत राहायची. आधीची आदळआपट परवडली, असं आईला वाटायचं. ती हातातलं काम सोडून दर दहा मिनिटांनी डोकावून जायची.

रविवारी दुपारी दहावी चांदणी लागली. आत्या बाळाला दूध पाजून भाजी आणायला गेली होती. आईला इतकं हायसं वाटलं, की तिने तो अर्ज फाडून केराच्या डब्यात टाकला.

"बाळ उठलं की निघू," ती म्हणाली. "कुठल्या रंगाचे स्केट्स हवेत आमच्या बाईसाहेबांना?"

स्टूल ओढून भिंगरी फ्रिजपाशी चढली. नखाने एकेक चांदणी उचकटायची आणि आईच्या तळहातावर चिकटवायची, असं तिने दहा वेळा केलं.

"अगं, हे काय करतेस?"

"दहा आहेत. मोजून घे."

"स्केट्स नकोत?"

"नकोत." भिंगरीने आईच्या हाताची मूठ मिटली. "आता मी आत्याचं नाव घेऊ ना? खुर्ची नाही ना?"

आईने तिला स्टुलावरून खाली घेतलं. "बोल," ती कशीबशी म्हणाली.

"आत्या बाटलीत झोपायच्या औषधाचे थेंब टाकते. म्हणून मी ओतून द्यायचे. ओतता नाही आलं, तर त्याला हलवायचे. तरी नाही उठला, तर चिमटा काढायचे." भिंगरीने पाळण्याच्या खोलीकडे बघितलं. "पण चांदण्या हव्या होत्या ना, म्हणून आठवडाभर एकही बाटली ओतली नाही. त्याने सगळ्या संपवल्या."