किल्ल्याची चढण

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून रोस्विता मंडळाच्या एकाही भटकंतीला गेली नव्हती. म्हणून या शरदातली वाट तिनं स्वतःच ठरवली होती. जर्मनीतल्या त्यांच्या गावाजवळच्या लान नदीच्या काठाकाठानं निघायचं, बीच वृक्षांच्या जंगलातून पडक्या मठापाशी जायचं आणि जुन्या पाणचक्कीवरून परत गावात यायचं. फार सोपी नाही, फार अवघड नाही; तिला झेपेल अशी.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून तिनं घरी जमलेल्या मंडळातल्या सगळ्यांना प्लमचा केक वाढला. मंडळाची नवी प्रमुख बिर्गिट, तिची शाळेपासूनची मैत्रीण, नकाशा बघून म्हणाली, "झकास आहे गं. फक्त मठाऐवजी वरच्या किल्ल्यावरून जाऊ."

"अगं, ती चढण मला कुठली जमायला?" रोस्विता हसत म्हणाली. "माझ्यापायी सगळ्यांना पावलापावलावर थांबावं लागेल."

कुणी हसलं नाही. सगळे खाली बशीकडे बघत राहिले.

"म्हणून तर किल्ला घेतोय. तू या वेळी घरीच थांब," बिर्गिट शांतपणे म्हणाली आणि तिनं पेन्सिल पुढे केली. "जंगलातून वर जायची वाट तेवढी तुलाच ठाऊक आहे. आखून दे."

रोस्वितानं सावकाश, एकही वळण न चुकवता, ती आखून दिली.