हातावरचं दही

सीमेवरून फोन आला तेव्हा इंदूताईंचे हात पिठाचे होते, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"आई, चुकलंच माझं. सही करायला नको होती. मला घरी यायचंय."

समोर त्यांचा धैर्यशील भाकरी मोडत होता. भरतीच्या दिवशी त्याच्या मनाची नक्कल काढून लोखंडी शरीरात घातली होती. ती लढायला गेली आणि हा संध्याकाळी घरी परतला.

"घरी बसलाय त्यानं माझं नाव मागं घेतलं तरच मला सोडतील," फोनवरचा आवाज म्हणाला. "निघताना तू हातावर ठेवलेल्या दह्याची चव अजून आठवते गं."

धैर्यशीलनं नकारार्थी मान हलवली. "मग त्याच्या जागी मलाच जावं लागेल."

इंदूताई फोनकडे वाकल्या. "जेवलास का रे?"

"जेवतोय की," समोरचा धैर्यशील म्हणाला.